थंडाईचा पेला

शिवाजी पेठेत निवृत्ती चौकापासून हाकेच्या अंतरावर आमचे बिऱ्हाड आहे. नोकरी कृषी खात्यात विस्तार अधिकाऱ्याची, त्यामुळे दिवस खेड्यापाड्यांत जातो आणि पहाट पेठेत उजाडते. तालमीतले शड्डू कानावर आले की जाग येते. धाकट्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहूनच कुस्ती शिकत होता. त्याच्या खुराकापायी मेव्हण्यांनी एक म्हैस जादा बांधली होती, आणि उसाचे बिल आले की पहिले पैसे बदामाला निघत.

काही वर्षांपूर्वीची महाशिवरात्र. आम्ही सगळे बहिणीच्या गावी. देवळामागे थंडाईचे मोठे पातेले होते. पोराने माझ्याकडे पाहिले, "मामा, घेऊ का?"

"घे की, महादेवाचा परसाद हाय," मी म्हणालो. तीन दिवसांनी त्याची निवड चाचणी होती, हे मला ठाऊक होते. पातेल्यात भांग आहे हेही ठाऊक होते.

दुसऱ्या रात्री पेठेत परतल्यावर त्याने विचारले, "त्या थंडाईत भांग हुती का वो? वस्ताद म्हणत्यात, लघवी तपासली तर घावतंय."

"आरं, पानं ती. गांजा थोडाच हाय?" मी हसण्यावारी नेले. पण अंथरुणावर पडलो आणि माझ्याच बोलण्याची लाज वाटू लागली. बी. एस्सी. (कृषी) झालेला माणूस मी. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे त्याचाच चीक. झाड एकच आणि नशेचे द्रव्यही एकच. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने नुसती पाने गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत, पण प्रयोगशाळेला पान आणि शेंडा वेगळा दिसत नाही. हे द्रव्य चरबीत मुरते. एखाद्या वेळी घेतले तर काही दिवस आणि रोजच्या नशेबाजाचे काही आठवडे त्याचा अंश लघवीत उतरत राहतो. बंदी स्पर्धेच्या काळापुरती असली, तरी अंगातला अंश स्पर्धेची तारीख बघून बाहेर पडत नाही. २०१३ पासून मर्यादा बरीच सैल झाली हे खरे, पण एका पेल्याचा हिशेब मी त्याला छातीठोक कसा सांगणार?

आपल्याकडे याबाबत दोन मापे आहेत. चिलीम ओढणारा तो वाया गेलेला, आणि भांग पिणारा भाविक! उसाच्या फडात गांजाची दोन झाडे लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे मी शिवारात सांगत फिरतो. देवळामागच्या पातेल्यापुढे मात्र माझी जीभ उचलत नाही.

"कुणीतरी पाजले" हे तिथे सहसा चालत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचे आठवा. २०१६ साली त्याच्या तपासणीत मेथँडिएनोन सापडले. ते ताकदीचे औषध, गांजाशी त्याचा संबंध नाही. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. देशातल्या समितीने ते मानले, पण रिओत क्रीडा लवादाने मानले नाही, आणि कुस्तीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली.

अमेरिकेची धावपटू शा'कॅरी रिचर्डसन २०२१ साली निवड स्पर्धेत शंभर मीटर जिंकली. आई गेल्याच्या दुःखात गांजा ओढला होता, तोही जिथे तो कायदेशीर होता अशा राज्यात. बंदी एकच महिन्याची झाली, पण टोकियो ऑलिंपिक हुकले. तिच्या बाजूने पुष्कळ लोक बोलले. तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने तर २०२३ पासून गांजाची तपासणीच बंद केली. मलाही वाटते, अंगात ताकद न आणणाऱ्या गोष्टीसाठी खेळाडूचे वर्ष बुडू नये. पण नियम आज आहे तो आहे, आणि तो मामाला विचारून केलेला नाही.

पोराने सकाळी स्वतःच वस्तादांना सांगितले. त्यांनी नाव मागे घेतले. चाचणीच्या दिवशी तो गावी म्हशींच्या धारा काढत होता. तिथे कुणाचीच तपासणी झाली नाही, असे नंतर कळले.

बहिणीने फोनवर एवढेच विचारले, "दादा, तुला ठावं हुतं?"

मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

पुढच्या शिवरात्रीला मी वर्गणी देताना दोन पातेली करायला लावली. एकात नुसते बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. म्हातारी मंडळी कुरकुरली. रात्री पाहिले तर माझे पातेले निम्मे तसेच राहिले होते. बहिणीने ते कळशीत ओतून घरी नेले.