...आणि ताई बोलली!

मासिकाच्या मराठी विभागासाठी साहित्य द्या, अशी नोटीस लागली तेव्हा पावसावरची एक कविता माझ्याकडे तयार होती. दरवर्षी देते तशीच! पण दिवाळीच्या सुट्टीत घरी जे घडलं, त्यानंतर ती कविता वहीतून बाहेर काढावीशी वाटेना. ताईला विचारूनच हे लिहितेय. ती म्हणाली, "लिही, पण माह्यं नाव नको टाकू." तेव्हा तिला नुसतं ताईच म्हणते.

माझं गाव नेर. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं. जुनी माणसं अजून नेर परसोपंत म्हणतात. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं, दारव्ह्याकडे दिली. पहिला दिवाळसण म्हणून माहेरी आली, भाऊजी आले, अंगठी-कपडे झाले, भाऊजी परत गेले आणि ताई राहिली. "चार दिवसांनी जाते" म्हणता म्हणता तीन आठवडे झाले. सुट्टी आणि पीएल मिळून मीही घरीच. कापसाची वेचणी सुरू होती, घरात माणसांची वर्दळ, आणि येणारी प्रत्येक बाई कापसाच्या भावाआधी एकच विषय काढायची, "काऊन व, पोरगी अजून इथंच हाये?"

बाबांनी अर्थ लावून टाकला. हुंड्याचं काहीतरी असणार, नाहीतर मारहाण. काका आणि मामा यांना बोलावणं गेलं. रविवारी दारव्ह्याला जाऊन चार लोकांत बैठक घ्यायची ठरली. ताई रडत एवढंच म्हणायची, "तसं काही नाही जी बाबा." मग कसं आहे? तर गप्प!

मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्याच्या बाजूला आम्हा दोघींच्या गाद्या. शुक्रवारी रात्री लाईट गेल्यावर ताई अंधारात म्हणाली, "तुमच्या कॉलेजात ते शिकवते का व?"

"ते म्हणजे?"

बराच वेळ काहीच नाही. मग, "मले लय दुखते."

मी वेड्यासारखं विचारलं, "पोट?"

"नाही."

मित्रमैत्रिणींनो, त्या 'नाही'पासून खऱ्या गोष्टीपर्यंत पोचायला आम्हाला जवळजवळ तासभर लागला. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून नवऱ्याजवळ जायची तिला भीती बसली होती. संध्याकाळ झाली की हातपाय गार पडायचे. तो झोपेपर्यंत ती मोरीत घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची! भाऊजींनी आधी समजून घेतलं, मग रुसले, मग बोलणंच कमी केलं. वाईट माणूस नाही तो. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि रविवारी चार लोक त्याच्या दारात जाऊन त्याला हुंडाखोर ठरवणार होते.

"मग त्यायले सांगतलं काऊन नाही?" मी विचारलं.

"काय म्हणून सांगू? कोणत्या शब्दानं सांगू?"

या प्रश्नावर मी खरोखर निरुत्तर झाले. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची विद्यार्थिनी. फर्स्ट इयरला कम्युनिकेशन स्किल्स नावाचा विषय पास झालेली. सेंडर, रिसिव्हर, मध्ये नॉईज, ती आकृती मी आजही झोपेत काढीन. पण सेंडरकडे शब्दच नसेल तर काय करायचं, हे त्या पुस्तकात नव्हतं. आमच्याकडे या गोष्टींसाठी दोनच प्रकारचे शब्द आहेत. एक चौकात ऐकू येणाऱ्या शिव्यांतले, दुसरे जीवशास्त्राच्या पुस्तकातले संस्कृत. बाईनं आपल्या आईजवळ किंवा नवऱ्याजवळ वापरावा असा मधला शब्दच नाही! म्हणून मग 'अडचण', 'खालचं दुखणं', 'अंगावरून जाणं', 'बायकांचं'. आणि जीवशास्त्राचं म्हणाल तर बारावीला तो धडा "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून दिला होता. आम्ही मुलींनी तो घरी, दुसऱ्या पुस्तकात लपवून वाचला.

हॉस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत डॉ. राणी बंग यांच्या कामाबद्दल वाचलं. आपल्या विदर्भातलंच, गडचिरोलीचं काम. तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी तपासणी केली होती. १९८९ मध्ये ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के! हे आकडे मी दोनदा वाचले. डॉक्टर नव्हते, पैसे नव्हते, हे तर होतंच. पण लाजही होती. एवढ्या बायका एकाच गावात, एकाच विहिरीवर, आणि एकीचं दुखणं दुसरीला माहीत नाही.

त्याच्याही कितीतरी आधी मुंबईत र. धों. कर्वे होऊन गेले. आपल्यातल्या ज्यांना एम-थ्रीनं छळलंय त्यांनी लक्षात घ्या, ते गणिताचे प्राध्यापक होते! १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी नोकरी गेली, तरी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या खासगी शंकांना ते सरळ उत्तरं छापायचे. त्यावरून खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मालतीबाई कर्वे नोकरी करून घर चालवत राहिल्या. (अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' सिनेमा मिळाला तर जरूर पाहा.) म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मराठीत हे बोलून झालंय. मग ते नेरला का पोचलं नाही, हा माझा प्रश्न आहे.

असो, त्या रात्रीकडे येते. आम्ही कुजबुजत होतो आणि दारात आई उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. मला वाटलं आता दोघींना बोलणी बसणार. आई येऊन ताईच्या गादीवर बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मले बी होत होतं. दोन वर्षं. तुह्या आजीले सांगतलं, तर थे म्हणे बाईच्या जातीले असतेच. मंग मी कोणालेच नाही सांगतलं."

पंचवीस-तीस वर्षांनी ती हे पहिल्यांदा बोलत होती, आणि तेही लाईट नव्हती म्हणून. लाईट आली असती तर आम्ही तिघीही गप्प झालो असतो, असं मला आजही वाटतं.

शनिवारी सकाळच्या यष्टीनं आम्ही यवतमाळला गेलो. लेडी डॉक्टर होत्या. त्यांनी तपासलं, सरळ प्रश्न विचारले, ताईनं मान हलवून उत्तरं दिली. निदान काय झालं? साधं इन्फेक्शन. त्यामुळे दुखणं, दुखण्याच्या भीतीनं अंग आखडणं, आणि त्यानं आणखी दुखणं. (पॉझिटिव्ह फीडबॅक, दुसरं काय!) गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "कोर्स दोघांनीही घ्यायचा. तोवर जवळ यायचं नाही. मिस्टरांना सांगा."

मिस्टरांना सांगा! परतीच्या यष्टीत आम्ही तिघी एका सीटवर बसून याच दोन शब्दांचा विचार करत होतो. आई जावयाला सांगणार? शक्यच नाही. मी मेव्हणी, माझा तर प्रश्नच नव्हता. बाबांना आईनं घरी येताच सांगितलं, "बैठक बंद करा." "काऊन?" "बायकांचं हाये." बाबांनी आईकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि काकांना फोन लावायला बाहेर गेले. पुढे एक शब्द विचारला नाही. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही.

रात्री ताई मोबाईल घेऊन गच्चीवर गेली आणि मलाही ओढत घेऊन गेली. "तू बस. मी फोन ठेवला तर पुन्हा लावून देजो." तिनं तीनदा ठेवला. चौथ्यांदा म्हणाली, "एक सांगायचं हाये. हसजा नका." मग ती बोलली. शब्द अडले तिथे थांबली, डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा म्हटला, पण सगळं बोलली. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं रेंज गेली. मग भाऊजींचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला, "मले वाटे, मी तुले आवडतच नाही."

ताई फोन कानाला लावून रडली. मी जिन्यात येऊन बसले.

सोमवारी भाऊजी मोटरसायकलवर आले. आईनं पुरणपोळी केली होती, बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. जेवण झालं, भाऊजी हात धुऊन आले, तर ताईनं गोळ्यांची पट्टी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "जेवल्यावर घ्यायची हाये. रोज. विसरजा नका."

बाबांनी पेपर थोडा वर धरला. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.