मोझेलच्या काठचे शेंगेन

मोझेल नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या उताराशी लक्झेंबर्गमधील शेंगेन हे लहानसे गाव वसले आहे. समोरचा काठ जर्मनीचा. दक्षिणेस थोडे चालले की फ्रान्स लागतो. १४ जून १९८५ रोजी येथे एका नौकेवर पाच देशांनी आपसांतील सीमातपासणी हळूहळू उठविण्याचा करार केला.

त्यांपैकी तीन लहान शेजाऱ्यांनी ही वाट आधीच पाडली होती. बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांची सरकारे महायुद्धात परागंदा असता, ५ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनमध्ये त्यांनी जकातसंघाचा करार केला. स्वदेश पुरता हाती आलेला नसताना जकातीचा हिशेब मांडणारे हे राज्यकर्ते जातिवंत व्यापारीच म्हणावेत!

भागीदारीत धाकट्याची कसोटी मात्र अधिक लागते. बेल्जियम व लक्झेंबर्ग यांचा आर्थिक संघ त्याहून जुना, १९२१ चा. महायुद्धानंतर दोघांचे फ्रँकही सममूल्य. फेब्रुवारी १९८२ मध्ये बेल्जियमने लक्झेंबर्गशी पुरेसा विचारविनिमय न करताच साडेआठ टक्के अवमूल्यन केले. लक्झेंबर्गच्या बचतदारांची पुंजी त्यांच्या संमतीवाचून उणावली. तेथे संताप उसळला. तरी भागीदारी मोडली नाही. १९९९ मध्ये युरो आला, तेव्हा दोन्ही फ्रँकांचा ठरलेला दर एकच होता : ४०.३३९९.