नोकरी लागते

मराठीत बऱ्याच गोष्टी लागतात. ठेच लागते, भूक लागते, नजर लागते, आणि ज्याचे ग्रह बरे त्याला लॉटरी लागते. याच रांगेत आमच्या जऊळक्याला नोकरीही लागते. शहरातले लोक नोकरी मिळवतात, बदलतात, आणि ऐकतो ते खरे असेल तर सोडतातसुद्धा! आमच्याकडे ती लागावी लागते. ठेच लागायला निदान चालावे लागते. नोकरी लागायला नेमके काय करावे लागते, हे गावात अजून कुणाला छातीठोकपणे सांगता आलेले नाही.

ते सांगायला शाळेच्या हेडमास्तरांनी मला बोलावले. विषय : ‘करिअर मार्गदर्शन व यशाची गुरुकिल्ली’. माझी पात्रता एवढीच, की मला लागली होती. चौतीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून मी दुसऱ्यांचे पैसे मोजले. पण पाऊस पडो न पडो, ज्याला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात तो यशस्वी, ही व्याख्या सोयाबीन पेरणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

जऊळका वाशीम जिल्ह्यात, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर. गावाच्या नावातच रेल्वे आहे. लोक ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात. गावाला रेल्वे लागली, गावकऱ्यांना काही ती फारशी लागली नाही. आता ब्रॉडगेज आहे. माझ्या वेळी मीटरगेजची गाडी होती, आणि वाशीम जिल्हा 1998 साली झाला, त्यामुळे सेवायोजन कार्यालयात नाव घालायचे तर अकोला गाठावे लागे.

पण खरी परीक्षा त्याआधीची. गुणपत्रिकेच्या नकलेवर गॅझेटेड अधिकाऱ्याची सही हवी, आणि वर त्याच्याच हातचा चारित्र्याचा दाखला. गॅझेटेड माणूस खेड्यात आणायचा कुठून? पंचक्रोशीत एकच होते, गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. त्यांनी आधी समोरच्या गोऱ्ह्याचे दात पाहिले, मग त्याच नजरेने माझ्याकडे पाहिले आणि लिहिले, ‘सदर उमेदवारास मी तीन वर्षांपासून ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे.’ ओळख खरी होती. फक्त ती आमच्या म्हशीमार्फत होती. आता 2015 पासून आपली कागदपत्रे आपणच साक्षांकित करायची सोय महाराष्ट्रात झाली आहे. आपण खरे आहोत हे आपणच लिहून द्यायचे. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो हाच असावा.

व्याख्यानाच्या तयारीसाठी पुतण्याच्या फळीवरचे यशाचे एक पुस्तक घेतले. पहाटे पाचला उठा, ध्येय कागदावर लिहा, आरशासमोर उभे राहून स्मित करा, असे बरेच काही त्यात होते. लेखक बहुधा आमच्या भागात फिरकलेला नसावा. इथली पोरे चारलाच उठून डांबरी रस्त्यावर धावतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणी पन्नास गुणांची : 1600 मीटर धावण्याला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. आरशासमोर हसण्याला काही नाही. उंची मात्र 165 सेंटिमीटर लागते, आणि ती कागदावर लिहून वाढत नाही.

शिवाय माझ्यातला कॅशिअर स्वस्थ बसेना. 2023च्या तलाठी भरतीत जागा होत्या 4,644 आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाला हजार रुपये शुल्क. एका खुर्चीमागे दोनशेच्या वर उमेदवार! समजा, दहा लाखांनी ते पुस्तक वाचले. सगळे पहाटे पाचला उठले, सगळे आरशासमोर हसले. खुर्च्या 4,644च. पुस्तकात हा हिशेब कुठे सापडला नाही. मी दोनदा शोधला.

तरी व्याख्यान दिले. ‘जिद्द’ हा शब्द अकरा वेळा वापरला. पोरांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न. एकाने माझी पेन्शन विचारली, ती मी गोलगोल सांगितली. मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली.

“सर, समजा नाहीच लागली, तर?”

हेडमास्तर म्हणाले, “बाई, शुभ बोल!” मुलगी उभीच राहिली. माझ्याकडे याचे उत्तर असण्याचे कारण नव्हते. मला लागली होती ना!

दाराशी माझा पुतण्या उभा होता. वय एकतीस. पोलिसाची वयोमर्यादा गेली. नऊ वर्षे अभ्यास करून दोनदा यादीच्या काठावरून परतलेला. घटनेची कलमे तोंडपाठ. आता बसस्टँडवर ऑनलाइन फॉर्म भरायचे दुकान चालवतो. भरतीवर नक्की कमाई होणारा गावात तो एकटाच. मी म्हटले, “याला विचार. याला नाही लागली.”

म्हटले आणि त्याच्याकडे पाहायचा धीर होईना. पण तो आला, खडूने हात पांढरे करत फळ्याशी उभा राहिला.

“शेवटच्या तारखेवर राहू नका, सर्व्हर बंद पडते,” तो म्हणाला. “फोटो न् सही आधीच स्कॅन करून ठेवा. अन् घरी पहिल्याच दिवशी सांगा, किती वर्सं अभ्यास करणार ते. मी नाही सांगितलं. मंग दरवर्षी घरचे म्हणत, अजून एक वर्स पाहू. मीबी म्हणत होतो.” मग त्या मुलीला म्हणाला, “नाही लागली, तर पह्यले सहा महिने कोनाच्या लग्नात जाऊ नको. सारे तेच इचारतात.”

वर्ग हसला. तोही हसला. मग तासभर पोरे त्याला विचारत राहिली. खर्च किती, खोली करून शहरात राहावे की गावातच, सोबत दुसरे काय शिकावे. शाल-नारळ मात्र मला मिळाला.

रात्री जेवायला वाढताना वहिनींनी विचारले, “भाऊजी, बोलला म्हने तो शाळेत?”

“फार चांगला बोलला.”

“मास्तरबी होते?”

“होते ना.”

वहिनींनी ताटात आणखी एक भाकर टाकली. खुल्या प्रवर्गाची मर्यादा अडतीस आहे, हे त्यांना पाठ आहे.

“अजून सात वर्सं हायेत,” त्या म्हणाल्या. “मंग लागन ना, भाऊजी?”