स्थानिक नियम

गोल्फ हा खेळ मी आजवर कधी खेळलो नाही, आणि या वयात खेळू लागेन असा संभवही दिसत नाही. आम्हां नांदेड-लातूरकडच्या माणसांना हिरवळीची विस्तीर्ण मैदाने चित्रातच पाहावयाची सवय. आमची जमीन काळी. चैत्रात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृग बरसला की तीच जमीन पायांतली वहाण ओढून घेते. अशा भूमीवर तो इवलासा पांढरा चेंडू सोडला तर खेळाडूचा सारा दिवस तो उकरून काढण्यातच जावयाचा!

असे असूनही गेले वर्षभर माझ्या टेबलावरील पुस्तकात खूण म्हणून गोल्फचेच एक कार्ड आहे. पुण्यास नोकरीला असलेला माझा एक जुना विद्यार्थी तेथील हौशी खेळाडूंच्या एका स्पर्धेत खेळला होता. सुटीत घरी आला तेव्हा फटक्यांचा हिशेब मांडलेले ते कार्ड त्याने मोठ्या अभिमानाने मला दाखविले. पुढच्या बाजूचे आकडे मला काही उमगले नाहीत. सवयीने मी कार्ड उलटले. मागे बारीक अक्षरांत मथळा होता : स्थानिक नियम. पुढची बाजू त्याच्या पराक्रमाची होती खरी, पण मला मागचीच अधिक आवडली, आणि कार्ड मी मागून घेतले.

टेनिसचे अंगण लंडनमध्ये जेवढे लांब तेवढेच लातुरातही असते. गोल्फचे तसे नाही. कोठे समुद्रकाठची वाळू, कोठे ओढा, कोठे मधूनच गेलेला रस्ता. म्हणून साऱ्या जगाला लागू असणाऱ्या नियमांच्या जोडीला प्रत्येक क्लबाची समिती आपल्या मैदानापुरते काही नियम ठरविते. हद्द कोणत्या खुंटांनी धरावयाची, दुरुस्तीखालची जमीन कोणती, चिखलात पडलेला चेंडू उचलून, पुसून पुन्हा ठेवण्याची मुभा आहे की नाही, असे ते नियम असतात. हरवलेल्या चेंडूसाठी पुन्हा मागे पायपीट न करता, दोन फटक्यांचा दंड सोसून पुढेच दुसरा चेंडू टाकण्याची सवलतही २०१९ पासून समितीला देता येते. ती व्यावसायिकांच्या मोठ्या सामन्यांसाठी नव्हे, क्लबातल्या हौशी मंडळींसाठी. त्याच वर्षी मुख्य नियम ३४ वरून २४ वर आले. समित्यांनी निवडून घ्यावयाच्या नमुन्याच्या स्थानिक नियमांची यादी मात्र अजून चांगली लांबलचक आहे. तिला एक अट आहे. समितीला निराळा नियम अधिक पसंत पडतो, एवढ्याच कारणाने मूळ नियम मोडता येत नाही. कारण मैदानात किंवा प्रसंगात असावे लागते, समितीच्या मनात नव्हे.

प्रसंग तरी किती विलक्षण असावा? १९४० साली जर्मन विमाने डोक्यावर घिरट्या घालीत असता लंडनजवळच्या रिचमंड क्लबाने तात्पुरते नियम काढले. बाँब पडत असताना खेळाडूने आडोशाला जाऊन खेळ थांबविला तर दंड नाही. शत्रूच्या कृत्याने चेंडू हलला तर तो पुन्हा जागेवर ठेवावा. पण ऐन फटक्याच्या वेळी बाँबचा धमाका होऊन फटका चुकला आणि पुन्हा मारावयाचा असला, तर एका फटक्याचा दंड! मरण आकाशातून उतरत असताही ही माणसे एका फटक्याचा हिशेब सोडावयास तयार नव्हती. प्रथम मी हसलो. मग वाटले, या हिशेबीपणात एक प्रकारचे धैर्यही आहे.

गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम १७४४ सालचे. एडिंबरोजवळच्या लीथ येथे चांदीच्या दांड्याच्या बक्षिसासाठी स्पर्धा ठरली, तेव्हा ते तेरा नियम लिहिले गेले. त्यांतला तेरावा आहे त्या मैदानातल्या चरांविषयी आणि शाळकऱ्यांच्या खळग्यांविषयी. त्यांत गेलेला चेंडू बाहेर काढून खेळावा, असे तो सांगतो. म्हणजे जगाच्या पहिल्या नियमावलीतच एक स्थानिक नियम बसलेला आहे. दहा वर्षांनी सेंट अँड्र्यूजने जवळजवळ तीच यादी उचलली. आज ज्याला आपण जगाचा नियम म्हणतो, तोही एके काळी कोणा एका गावचाच होता.

हे वाचताना मला लातूर आठवले. गंजगोलाईच्या मागे आमची अरुंद गल्ली होती, आणि तिथे टेनिसच्या चेंडूने आमचे क्रिकेट चाले. आमचीही नियमावली होती. ती कोठे लिहिलेली नव्हती एवढेच. समोरच्या आजोबांच्या ओट्यावर चेंडू पडला तर फलंदाज बाद. छपरावर गेला तर ज्याने मारला त्यानेच आणावयाचा. गटारापलीकडे गेला की षटकार. अगदी धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' करून घेत असू. तो खेळे, पण बाद होत नसे. गोल्फमध्ये कमी कसबाच्या खेळाडूला काही फटक्यांची सूट देतात आणि तिला हँडिकॅप म्हणतात, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या गल्लीला ते तत्त्व आधीच अवगत होते.

बॅट माझी होती. आडतीतल्या एका हमालाचा मुलगा आमच्यात खेळावयास येई. एका संध्याकाळी त्याच्या संघाला जिंकावयास पाच धावा हव्या होत्या, आणि त्याने चेंडू सरळ गटारापलीकडे भिरकावला. मी ओरडलो, "आजपासून गटारापलीकडे आऊट!" सगळे गप्प राहिले. बॅट माझी होती ना! त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि एवढेच म्हटले, "आगुदर सांगायचं होतंस की." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्या दिवशी आम्ही जिंकलो.

यंदा एप्रिलात, परीक्षा आटोपल्यावर, आमच्या नांदेडच्या महाविद्यालयात प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचारी यांचा सामना झाला. वयाचा मान म्हणून पंचाची टोपी माझ्या डोक्यावर आली. नाणेफेकीपूर्वी मी भेगांचा नियम तेवढा सांगितला : चेंडू भेगेत अडकला तर दोन धावा. मैदानातल्या कडुलिंबाचा मला विसर पडला. अखेरच्या षटकात एका तरुण शिपायाने उंच मारलेला चेंडू त्या झाडाच्या फांदीला लागून खाली आला, आणि आमच्याच एका प्राध्यापकांनी तो अलगद झेलला. सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

कँटरबरीच्या मैदानात सीमेच्या आत एक जुने झाड होते. त्याला चेंडू लागला की चार धावा, असा तेथला ठराव होता. २००५ साली वाऱ्याने ते कोसळले. पण तसा ठराव आधी झालेला नसेल तर झाडाला लागून आलेला झेल क्रिकेटच्या कायद्याने शुद्ध आहे. म्हणजे पुस्तक आमच्या बाजूचे होते. तेवढ्यात तो शिपाई हळूच म्हणाला, "सर, इथं रोज झाडाचा झेल धरत नाहीत."

मी घोटाळ्यात पडलो. त्याचे ऐकावे तर ऐन खेळात नवा नियम केल्यासारखे होणार; न ऐकावे तर बॅट पुन्हा माझीच! अखेर मी झेल घेणाऱ्या प्राध्यापकांनाच विचारले, "रोजच्या खेळात हा झेल तुम्ही मागितला असता?" ते क्षणभर थांबले, मग हसून म्हणाले, "नाही सर." मी नाबाद दिले. पुढच्याच चेंडूवर आम्ही हरलो, आणि चहाच्या वेळी माझ्या सहकाऱ्यांनी मला पुरेसे बोलून घेतले.

नियम कागदावर होता की नव्हता याला मी आता फारसे महत्त्व देत नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी तो दोन्ही बाजूंना ठाऊक होता का, आणि तो मैदानाच्या गरजेतून निघाला की माझ्या, एवढेच मी पाहतो. कडुलिंबाचा नियम त्या झाडाने केला होता. गटाराचा मी केला. तरी त्या दिवशी नाणेफेकीपूर्वी झाडाचे नाव घेणे हे माझे काम होते, आणि ते मी चुकलो. पुढच्या वर्षासाठी कार्यालयाच्या फलकावर आता सहा नियम लिहून लावले आहेत. पहिला झाडाचा आहे.

मध्यंतरी लातुरास गेलो होतो. गल्ली आहे, गटारावर मात्र फरशी पडली आहे. तो मुलगा आता माझ्याच वयाचा गृहस्थ असेल. कोठे भेटला तर त्याला एवढेच सांगावयाचे आहे की, तो षटकार होता.