१८६ सेंटीमीटर

निवृत्तीनंतर पुण्यातच एका लहान फ्लॅटमध्ये राहायला जायचे ठरले, तेव्हा दोन गोष्टींचा प्रश्न उभा राहिला: माझी पुस्तकांची कपाटे आणि पत्नीचा पियानो. नव्या दिवाणखान्यात दोन्ही मावणार नव्हते. पियानो यामाहाचा, सी थ्री. लांबी १८६ सेंटीमीटर. मैफलीच्या सभागृहातला स्टाइनवेचा मोठा ग्रँड २७४ सेंटीमीटरचा असतो, आणि बेबी ग्रँड दीडशेच्या आसपास. आमचा या दोहोंच्या मधला.

"विकून टाका," पत्नी म्हणाली. मडगावला लहानपणी पियानो शिकलेली तिची बोटे आता संधिवाताने आखडली आहेत. उजवा हात तर जवळजवळ गेल्यातच जमा. मुलीने सुचवले, "बाबा, बदल्यात बेबी ग्रँड घ्या. आवाज तोच, जागा कमी." मला ते पटलेही. दीर्घकथेला आखूड कादंबरी समजू नये, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. वाद्याच्या बाबतीत मात्र नेमकी तीच चूक करत होतो.

ती लक्षात आणून दिली पियानो जुळवायला येणाऱ्या गृहस्थांनी. आखूड पियानोत खर्जाच्या तारा लांब ठेवता येत नाहीत. मग स्वर खाली आणण्यासाठी त्या वजनदार कराव्या लागतात: पोलादी गाभा आणि त्यावर तांब्याचे वेष्टन. असे वेष्टन प्रत्येकच पियानोत असते. पण लांबी जितकी कमी, तितकी तार जाड. जाड आणि आखूड तार काहीशी सळईसारखी वागते. मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर किंचित चढे लागतात आणि खर्ज गढूळ होतो. याहून लांब पियानोत तो अधिक निर्मळ होतो हे खरे, पण आमच्या खोलीत तो नाद कोंडला असता. त्यांनी डावीकडची एक पट्टी दाबून धरली. स्वर कितीतरी वेळ विरत राहिला.

तेव्हा ध्यानात आले, की पत्नीचा शाबूत राहिलेला हात डावा आहे, आणि त्या हाताच्या वाट्याला मुख्यतः खर्जच येतो. जागा वाचवण्यासाठी आम्ही नेमका तोच छाटायला निघालो होतो.

बाखने एकट्या व्हायोलिनसाठी रचलेल्या शाकोनचे ब्राम्सने केवळ डाव्या हातासाठी रूपांतर केले आणि १८७७ मध्ये ते क्लारा शूमानला पाठवले. योगायोग असा, की त्याच सुमारास तिचा उजवा हात दुखावला होता. मुलीने या रूपांतराची स्वरलिपी मागवून दिली.

चारपैकी तीन कपाटे मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिली. जड गेले, हे कबूल करायला हवे. पत्नीला शाकोनची पहिली दोनच पाने जमतात. त्यातही ती अनेकदा अडते. परवा पावसाची झड लागली होती. दमट हवेने पियानोचे लाकूड फुगते आणि स्वर चढतात. वाजवता वाजवता ती थांबली, पुन्हा तीच पट्टी दाबून पाहिली आणि वैतागून म्हणाली, "अहो, त्यांना फोन करा. मधले सप्तक ऐकवत नाही."

मी फोनकडे धावलो.