विंचूर : आडनांवामागचें गांव

पुण्यांतील विंचूरकरांच्या वाड्याचें नांव ज्याच्या कानावर आलेलें नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ महाराष्ट्रांत विरळाच. लोकमान्य टिळक त्या वाड्यांत राहात असत. १८९२ सालीं स्वामी विवेकानंद त्यांचे पाहुणे म्हणून तेथेंच उतरले होते. आणि १८९४ सालीं लोकमान्यांनीं सार्वजनिक गणपति बसविला तोहि तेथेंच. परंतु ज्या गांवावरून त्या वाड्यास हें नांव मिळालें तें विंचूर प्रत्यक्ष पाहून आलेले गृहस्थ किती निघतील? नाशिकाहून येवल्यावरून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नाशिकापासून पन्नासेक किलोमीटरांवर हें गांव आहे. वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेल्या मोटारी त्याच्या अंगावरून रोज धांवतात. पण थांबणारी मोटार क्वचितच.

राजधानीचा लौकिक असाच असतो. पेशवाई म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें शनिवारवाडा आणि पर्वती उभी राहते, आणि तेवढ्यावर आपण समाधान मानतों. पण स्वारीचा हुकूम पुण्यास सुटला तरी घोड्याचा दाणा आणि शिलेदाराची भाकरी पुण्यांत पिकत नव्हती. ती जहागिरीच्या गांवांतील काळ्या जमिनींत पिकत होती. म्हणून ज्यांस त्या काळाचा इतिहास पुरता समजून घ्यावयाचा आहे त्यांनीं राजधानी सोडून एखादा दिवस सरदारांच्या गांवीं घालवावा, असें आम्हांस वाटतें.

विंचूरकर घराण्याचे कर्ते पुरुष विठ्ठल शिवदेव. त्यांचा जन्म १६९५ सालचा. घराण्याचें मूळ आडनांव दाणी व मूळ ठिकाण सासवड. तरवारीच्या बळावर ते पेशव्यांच्या नामांकित सरदारांत चढले, विंचूरची जहागीर त्यांस मिळाली, आणि दाण्यांचे विंचूरकर झाले. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठी सैन्याच्या डाव्या बगलेस इब्राहीमखान गारद्याच्या पलटणी होत्या. त्यांच्या जोडीस दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव उभे होते. त्या संहारांतून जे मोजके सरदार जिवानिशीं परत आले त्यांत ते एक. पुढें थोरल्या माधवराव पेशव्यांनीं येवलें गांवहि त्यांस दिलें. १७६७ सालीं ते वारले.

दाण्यांचे विंचूरकर झाले, ही गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. आमच्या वाचकांत 'कर' हें अक्षर शेवटीं लावून सही करणारे शेंकड्यांनीं असतील. कोणाचे खापरपणजोबा जहागिरीनिमित्त, कोणाचे कुळकर्णपणानिमित्त, कोणाचे केवळ पोटासाठीं एखाद्या गांवीं गेले आणि त्या गांवाचें नांव वंशजांस देऊन गेले. आज तें नांव दारावरच्या पाटीवर आहे, लग्नपत्रिकेंत आहे, परदेशीं जाणाऱ्या नातवाच्या पासपोर्टांत आहे. पण गांव कोठें आहे हें विचारलें तर घरांतील वडील माणसांकडे बोट दाखविलें जातें. वडील माणसें आहेत तोंवर ठीक; पुढें काय?

विंचुरांत गेल्यावर जुन्या गढीचे आणि वाड्याचे अवशेष पाहावे. पेशवाईंतील वाड्याची बांधणी साधारणतः अशी असे: खालीं काळ्या दगडाचें जोतें, त्यावर विटांच्या भिंती, आंत सागवानी खांब व तुळया, आणि वर मातीचें धाबें. अशी इमारत दगडामुळें टिकत नाहीं, राबत्यामुळें टिकते. दर पावसाळ्यापूर्वीं धाब्यावर नवी माती चोपली पाहिजे. ती दोन-चार वर्षें चुकली कीं पाणी तुळईंत मुरतें, लांकूड कुजतें, तुळई वांकली कीं भिंत उलते, आणि मग एखाद्या आषाढांत सबंध चौक बसतो. स्वातंत्र्यानंतर सरंजामें खालसा झालीं, आणि कसणाराच्या हातीं जमीन गेली हें न्यायाचेंच झालें. परंतु ज्या उत्पन्नावर असे वाडे शाकारले जात तें उत्पन्नहि त्याबरोबर गेलें, आणि घरची माणसें शहरांत राहावयास गेलीं. महाराष्ट्रांतील कितीतरी गढ्या शत्रूच्या तोफांनीं पडल्या नाहींत. आपल्याच माणसांच्या पाठ फिरविण्यानें पडल्या.

मात्र गढी पडली म्हणून गांव पडलें असें मात्र कोणीं समजूं नये. विंचूर जागें आहे. पोळ, रांगडा आणि उन्हाळ असा तिन्ही हंगामांचा कांदा या मुलखांत निघतो. उन्हाळ कांदा चाळींत हवेशीर सांठवून शेतकरी भावाची वाट पाहात बसतो. थोड्याच अंतरावर लासलगांवची बाजारपेठ आहे. तेथील बाजार समिती १९४७ सालची. विंचुरासहि तिचा उपबाजार भरतो. आपल्या स्वयंपाकघरांत कांदा महाग झाला कीं आपण कुरकुरतों. तो मातीमोल झाला म्हणजे येथल्या ओट्यावर काय होतें, हें एकदां मुलांना दाखवावें. भूगोलाच्या पुस्तकांत हा धडा सांपडणार नाहीं. द्राक्षांचे मळेहि आसपास पसरलेले आहेत. सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखलें त्यानंतर द्राक्षासवाच्या कारखान्यांसाठीं विंचुरासच जागा राखून ठेवली. पानिपतच्या वीराच्या गांवीं हें असें व्हावें याबद्दल आमच्या कांहीं वडील वाचकांच्या कपाळास आठी पडेल. पण द्राक्षें खाऊन संपत नाहींत आणि टाकून परवडत नाहींत, हाहि व्यवहार आहे.

नाशिकाकडून येतांना विंचुराच्या अलीकडे निफाड लागतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं येथें झाला. मराठ्यांच्या सत्तेचा उदय हा एका-दोघां वीरांचा पराक्रम नसून सबंध लोकांचें कार्य होतें, असें ज्यांनीं मांडलें, ते पुरुष या सरदारी मुलखांतच जन्मले, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. हिंवाळ्यांत निफाडची थंडी अशी कडक असते कीं वर्तमानपत्रें तेथील पारा रोज छापतात.

याच तालुक्यांत गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे. विंचुराहून तें वीस किलोमीटरांच्या आसपास पडतें. १९११ च्या सुमारास येथें कालव्यांसाठीं बंधारा पुरा झाला. कोपरगांवाकडील ऊंस त्या पाण्यावर वाढला. पण नदीनें आपलें निराळेंच काम चालविलें. बंधाऱ्यामागें वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला, उथळ पाण्यांत बेटें झालीं, पाणवनस्पति माजल्या, आणि माणसानें पिकांसाठीं अडविलेल्या पाण्यावर पक्ष्यांनीं वस्ती केली. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. पाणथळ भूमींच्या रक्षणासाठीं १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या यादींत, महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ म्हणून, नांदूर मध्यमेश्वराचें नांव २०१९ सालीं दाखल झालें.

घरांतील ज्या वडील मंडळींनीं संस्कृत काव्यें वाचलीं आहेत त्यांस येथें एक अपूर्व आनंद आहे. चक्रवाक हा पक्षी आपण श्लोकांत शंभर वेळां पाहिलेला असतो. येथें तो केशरी अंगाचा, जोडीनें फिरणारा, खराखुरा दिसतो. क्रौंच उतरतात, चमच्यासारख्या चोंचीचे चमचे चिखल चाळीत असतात, आणि काळ्या अंगाचा, कपाळीं पांढरा टिळा लावलेला जो पक्षी थव्यांनीं तरंगतो त्याचें मराठी नांव 'वारकरी' आहे हें ऐकून मुलें टाळ्या पिटतात. टाळ्या मात्र परत फिरल्यावर पिटाव्या. पाण्याकांठीं मौन पाळावें.

विंचुराच्या पूर्वेस पंचवीसेक किलोमीटरांवर येवलें. रघोजीबाबांनीं वसविलेलें हें गांव आपल्या बायकांस पैठणीमुळें ठाऊक आहे. परंतु दुकानांत पैठणी घेणें निराळें आणि मागावर पैठणी पाहाणें निराळें. पदरावरच्या मोराच्या प्रत्येक रंगासाठीं विणकराच्या हाताशीं निराळा धागा असतो; तो हातानेंच ओवला जातो, म्हणून अस्सल पदर उलटसुलट सारखाच दिसतो. सेनापति तात्या टोपे यांचें जन्मगांवहि येवलेंच.

आणि आणखी एक गोष्ट येवल्यास घडली, ती गाळून पुढें जाणें बरें नव्हे. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारीं मार्च १९३० मध्यें सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षें चालला आणि तरीहि दार उघडलें नाहीं. तेव्हां १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्याच्या परिषदेंत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, असा निर्धार जाहीर केला. त्या जागीं आज मुक्तिभूमीचें स्मारक आहे. ज्या जहागिरीच्या शौर्याचा आपण अभिमान बाळगतों तिच्याच एका पेठेंत आपल्या समाजाचा हा हिशेब मांडला गेला. पूर्वजांची दौलत पाहावयास जाणाऱ्यानें त्यांचें देणेंहि पाहून यावें. मुलांनीं विचारलें तर आडपडदा न ठेवतां सांगावें.

जाण्यास मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. मुंबई-मनमाड लोहमार्गावर निफाड आणि लासलगांव हीं दोन्ही स्थानकें आहेत. एस. टी. च्या गाड्याहि या रस्त्यानें धांवतात. पहांटे पक्षी पाहावे, दुपारीं विंचूर, सायंकाळीं येवलें, असा क्रम ठेवल्यास दोन दिवसांत सर्व कुटुंबाची यात्रा सुखानें होते. गरम कपडे आणि जमल्यास दुर्बीण बरोबर घ्यावी.

विंचूर पाहून झाल्यावर आमच्या वाचकांनीं आणखी एक करावें. आपल्या स्वतःच्या आडनांवांत जें गांव दडलें आहे त्याचा पत्ता वडिलांकडून लिहून घ्यावा, आणि पुढच्या सुटींत तिकडची वाट धरावी. तेथें वाडा असेलच असें नाहीं. जोतें असेल, तुळशीवृंदावन असेल, नाहीं तर नुसता पार असेल. जें असेल तें मुलांना दाखवावें आणि गांवकऱ्यांशीं चार शब्द बोलून यावें.