आम्ही आणि चामड्याची पिशवी

मराठी भाषेत चामड्याच्या पिशव्यांना नावे तरी किती असावीत! विहिरीवर मोट, पाणक्याकडे पखाल, तेल्याच्या दुकानात बुधला, लोहाराच्या पुढ्यात भाता, घोड्याच्या तोंडाला तोबरा. ज्या समाजाचे शेत, पाणी, तेल आणि विस्तव या पिशव्यांवाचून चालत नसे, त्या समाजाने त्या घडविणाऱ्याच्या नावावरून मात्र एक शब्द रूढ करून ठेवला : ‘चांभारचौकशी’. म्हणजे नसती उठाठेव, नको ती विचारपूस. हा शब्द लहानपणापासून आमच्या कानांवर पडत आला. तो किती उफराटा आहे हे कळण्यास मात्र शाळा सोडून पाच वर्षे जावी लागली, आणि त्याला निमित्त झाल्या तीन पिशव्या.

आमच्या बालमित्रांस आधी थोडी माहिती सांगितली पाहिजे. आम्ही आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी. सध्या बेळगावपासून दूर एका संस्थेत वस्तूंचे डिझाइन शिकत आहोत आणि यंदाचे वर्ष शेवटचे आहे. तेथे पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येकाने काही वस्तू स्वतः योजून, घडवून प्रदर्शनात मांडावयाच्या असतात. लोक येतात, वस्तू हाताळतात, परीक्षक प्रश्न विचारतात. वस्तूच्या शेजारी एक कार्ड असते व त्यावर विद्यार्थ्याचे नाव असते. या कार्डाविषयी पुढे बोलावयाचे आहेच.

आम्ही चामड्याच्या पिशव्या करावयाचे ठरविले, आणि सुटीत घरी येऊन तसे सांगितले. आजीने हातातील जपमाळ बाजूला ठेवली. “सात पिढ्यांत आपल्याकडे कुणी कातड्याला हात लावला नाही. एवढं शिकून तू हेच करणार?” वडिलांनी तिला नालवाडीची हकीकत सांगितली. १९३५ साली वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय काढले. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केले व इतरांस शिकविले. आजी ऐकून गप्प राहिली. पण संध्याकाळी देवळातून भजन ऐकून आल्यावर आपणच म्हणाली, “मृदंगालाही कातडंच असतं म्हणा.” एवढी परवानगी आम्हांस पुरेशी होती.

आमच्या जिल्ह्यातील अथणी हे गाव पायताणांसाठी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. जगाला ‘कोल्हापुरी’ म्हणून ठाऊक असलेल्या वहाणांस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेच्या दोन्ही अंगांस रापी आणि आरी एकच भाषा बोलतात! अथणीतील एका वृद्ध कारागिरांनी आम्हांस आपल्या ओसरीवर बसण्याची मुभा दिली. त्यांस आम्ही काका म्हणतो. ते मराठी व कन्नड दोन्ही सारख्याच सहजतेने बोलतात, आणि दोहोंतही थोडेच बोलतात.

चामडे शिवण्यापूर्वी ते कसे तयार होते हे पाहा, असे त्यांनी बजावले. कमावणारे हात वेगळे, शिवणारे वेगळे. म्हणून आम्ही कमावणाऱ्यांकडे गेलो. तेथे पाहिलेली रीत अशी : म्हशीचे कच्चे कातडे प्रथम पाण्यात भिजवितात. नंतर ते काही दिवस चुन्यात ठेवतात, त्याने केस सुटतात. केस व आतील मांस खरवडून, चुना धुऊन काढल्यावर कातड्याच्या कडा शिवून त्याची एक मोठी पिशवी करतात आणि ती टांगतात. तीत बाभळीची साल आणि हिरड्याची पूड घातलेले पाणी भरतात. ते कातड्यातून ठिबकत खाली येते व पुन्हा वर ओतले जाते. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरच्या भागासही सारखाच रस लागतो. साल आणि हिरडा यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट धरून बसते, आणि जे एरवी कुजून गेले असते ते वर्षानुवर्षे टिकते. या साऱ्यास आठवड्यांमागून आठवडे लागतात. उलट, क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत होते, म्हणून आज जगातील बहुतेक चामडे त्याच रीतीने कमावले जाते.

टांगलेल्या त्या ठिबकत्या कातड्याकडे पाहताना आमच्या मनात आले की, आमची पिशवी जन्मास येण्यापूर्वीच हे कातडे एकदा पिशवी होऊन गेले आहे. पहिली पिशवी कुणा दुसऱ्याची, दुसरी तेवढी आमची!

आता चौकशीविषयी. आम्ही कागदावर काढलेली चित्रे काकांपुढे ठेवली. त्यांनी ती सुंदर की कुरूप याविषयी एक अक्षर काढले नाही. फक्त विचारले, “हिच्यात काय घालणार?” मग, “कोण उचलणार? म्हातारं माणूस की पोर?” मग, “रिकामी असताना वजन किती?” म्हशीचे जाड चामडे मजबूत खरे, पण पिशवीच जड झाली तर माणूस आत काय भरणार? शेवटी त्यांनी चित्रातील पट्ट्याच्या मुळाशी बोट ठेवले आणि विचारले, “लेकरा, हे इथं तुटंल. तुटल्यावर शिवणार कोण?”

हा शेवटचा प्रश्न आमच्या चार वर्षांच्या अभ्यासात आम्हांस कोणी विचारला नव्हता. वस्तू विकली की संपले, असा हल्ली सर्वत्र समज आहे. ज्याच्या ओसरीवर तुटलेली वस्तू परत येते, त्यालाच हा प्रश्न सुचतो. ‘चांभारचौकशी’ म्हणून आपण जिची थट्टा करतो, ती चौकशी हीच काय? तसे असेल तर तो थट्टेचा नव्हे, गौरवाचा शब्द व्हावयास हवा.

त्या चार प्रश्नांतून आमच्या तीन पिशव्या झाल्या. पहिली मोटेवरून सुचली. मोटेला खाली एक सोंड असे. मोट वर येताना जाड नाडा तिचे वजन ओढी आणि बारीक सोंदूर सोंडेला वर उचलून धरी, म्हणून पाणी सांडत नसे. मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यात लोळे आणि पाणी आपोआप रिकामे होई. आमच्या पिशवीचे तोंडही असेच सोंडेसारखे आहे. दुमडून वर बांधले की बंद, सोडले की उघडे. तिला बक्कलही नाही आणि चेनही नाही. दुसरी पखालीसारखी दोन्ही अंगांनी लोंबणारी, बाजारहाटाचे ओझे दोन बाजूंस वाटून घेणारी. तिसरी म्हणजे दप्तर. त्याला पाठीचे घट्ट चामडे लावले आहे, कारण पोटाकडचे चामडे सैल असते व पुस्तकांच्या भाराने ताणते. हे भेद बोटांनी चाचपून ओळखावयास काकांनी शिकविले, आणि पट्ट्याची चामडी वेणी विणावयास काकूंनी. तिन्ही पिशव्यांचे पट्टे चामड्याच्याच वादीने ओवलेले आहेत. तुटले तर कोणत्याही गावी, रस्त्याच्या कडेला बसणारा कारागीर ते घटकाभरात बदलून देईल.

राहिले ते कार्ड. त्यावर नावासाठी एकच ओळ आहे. आम्ही तेथे कातडे कमावणारे, शिवण शिकविणारे काका, वेणी विणणाऱ्या काकू आणि आराखडा करणारे आम्ही, अशी प्रत्येकाच्या कामासह नावे लिहावयाचे ठरविले आहे. संस्थेतील काही गुरुजनांस हे पसंत नाही. पदवी एकाची, तर नाव एकाचे, असे ते म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही, कारण परीक्षा आमचीच आहे. परंतु २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी ‘प्राडा’ या प्रसिद्ध पेढीने कोल्हापुरीसारख्या वहाणा मिरविल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. भारतात ओरड झाल्यावर त्या वहाणांची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे पेढीने मान्य केले. सातासमुद्रापलीकडील पेढीने नाव घ्यावे असा आग्रह धरणाऱ्या आपण, आपल्याच जिल्ह्यातील ओसरीवरचे नाव गाळावे काय? येत्या मे महिन्यात परीक्षक काय म्हणतील हे सांगवत नाही. गुण कापले गेले तर ते सोसण्याची तयारी आम्ही केली आहे.

काकांचे नाव या अंकातही छापावे अशी आमची इच्छा होती. त्यांनी मान हलविली. “पुस्तकात नको. पिशवीवर असू दे,” ते म्हणाले. “पुस्तक वाचून कुणी पिशवी शिवायला येत नाही. तुटली की माणूस आत बघतो, कुणी केली म्हणून.”